कॉन्टॅक्ट लेन्सची स्वच्छता: सोल्युशन, पेरॉक्साईड की अल्ट्रासोनिक मशीन?

ऑनलाइन दुकानात 'कॉन्टॅक्ट लेन्स क्लीनर' असं शोधून बघा. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंतची छोटी यंत्रं समोर येतात. यूएसबीवर चालणारी, निळा दिवा लागणारी, 'अल्ट्रासोनिक', 'यूव्ही', '९९.९ टक्के जंतू नष्ट' असं लिहिलेली. तेच दिंडोरीत चष्म्याच्या दुकानात विचारलंत, तर मल्टिपर्पज सोल्युशनची एक बाटली आणि सोबत दोन झाकणांची प्लॅस्टिकची डबी हातात पडते. डबीवर 'आर' आणि 'एल' लिहिलेलं असतं. बहुतेकांची लेन्स आयुष्यभर या दोन वस्तूंवरच चालते.

यातलं काय खरोखर काम करतं, कशामुळे करतं आणि कुठे कमी पडतं, ते या लेखात बघू. प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण लेन्समुळे होणारा कॉर्नियाचा संसर्ग, म्हणजे केरायटिस, नजर कायमची घालवू शकतो आणि त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा असतो.

आधी तीन शब्द वेगळे करू

लेन्सच्या बाबतीत स्वच्छ करणं, धुणं आणि निर्जंतुक करणं ही तीन वेगळी कामं आहेत. जाहिरातींत ती सर्रास एकत्र केलेली असतात.

लेन्स दिवसभर डोळ्यात असते तेव्हा अश्रूंमधली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, धूळ आणि काजळ तिच्यावर बसतं. हा थर काढणं म्हणजे स्वच्छ करणं. सुटलेला मळ वाहून जाऊ देणं म्हणजे धुणं. मागे राहिलेले जीवाणू आणि बुरशी मारणं म्हणजे निर्जंतुक करणं. एकच साधन तिन्ही कामं करेलच असं नाही. सलाईनचं उदाहरण घ्या. दवाखान्यातली सलाईनची बाटली फोडून त्यात लेन्स ठेवणारे लोक आपल्याकडे आहेत. सलाईन लेन्स धुतं, पण त्यात जंतू मारणारं काहीही नसतं. उलट एकदा उघडलेली बाटली चार दिवस कपाटात राहिली की तिच्यातच जंतू वाढायला लागतात.

पाण्याचा प्रश्न

आमच्या तालुक्यात पाणी पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांचं, त्यांच्या कालव्यांचं, नाहीतर विहिरी-बोअरचं. पिण्याला ते चांगलं असेल. लेन्सला मात्र कुठलंच पाणी चालत नाही. नळाचं नाही, बोअरचं नाही, आरओचं नाही आणि उकळून गार केलेलंही नाही.

याची दोन कारणं आहेत. पहिलं साधं आहे. अश्रूंमध्ये साधारण ०.९ टक्के मिठाइतका खारटपणा असतो आणि सॉफ्ट लेन्स त्याच हिशोबाने बनवलेली असते. ती साध्या पाण्यात टाकली की पाणी शोषून फुगते, तिचा आकार बदलतो आणि डोळ्यात घातल्यावर ती घट्ट चिकटू शकते.

दुसरं कारण गंभीर आहे. माती आणि पाणी दोन्हीकडे अकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव राहतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती जाड कवच करून बसतो. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन या कवचाला फारसं काही करत नाही. आरओचं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही, कारण टाकीत आणि तोटीत जंतूंचा थर जमतो. उकळलेलं पाणी गार होईपर्यंत आणि भांड्यातून ओतेपर्यंत पुन्हा दूषित होऊ शकतं. हा जीव कॉर्नियात शिरला की प्रचंड दुखतं, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि कधीकधी कॉर्निया बदलावा लागतो.

पाश्चात्त्य देशांत या आजाराचे बहुतेक रुग्ण लेन्स वापरणारे असतात. भारतात मात्र लेन्स कधीच न घातलेले रुग्णच जास्त दिसले आहेत. शेतात काम करताना डोळ्यात माती, काडी किंवा घाण पाणी गेलेले हे लोक. म्हणजे आपल्याकडच्या माती-पाण्यात हा जीव आहेच आणि लेन्स वापरणाऱ्याने त्याला ओल्या हातातून आयतं वाहन देऊ नये. लेन्स घालून अंघोळ, पोहणं किंवा गोदावरीत डुबकी मारणं हे सगळं याच यादीत येतं. सिंहस्थात रामकुंडावर जाणार असाल तर लेन्स काढून चष्मा लावा, किंवा स्नानापुरतं धूसर दिसू द्या.

उकळण्याचा जमाना

सॉफ्ट लेन्स चेक शास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांची देणगी. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या घरी, मुलांच्या मेर्कूर नावाच्या धातूच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनमो वापरून लेन्स ओतण्याचं फिरतं यंत्र बनवलं. जुगाड हा शब्द त्यांना माहीत नसेल, पण हा अव्वल दर्जाचा जुगाड होता. १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या सॉफ्ट लेन्सला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

त्या काळात लेन्स निर्जंतुक करायची रीत म्हणजे उष्णता. सलाईन भरलेली डबी विजेच्या छोट्या यंत्रात ठेवायची आणि साधारण ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटं किंवा जास्त तापवायची. जंतू मारण्यात ही पद्धत उत्तम होती. अडचण वेगळीच निघाली. लेन्सवर प्रथिनं शिल्लक असतील तर ती उष्णतेने अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होऊन बसायची आणि लेन्स पिवळट, खरखरीत व्हायची. शिवाय सलाईन महाग पडतं म्हणून लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाईन बनवायचे. तापवल्यानंतर हेच घरगुती सलाईन धुवायला वापरलं की सगळ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी पडायचं. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेत अकँथामीबाचे रुग्ण वाढले, तेव्हा चौकशीत या घरगुती सलाईनकडे बोट दाखवलं गेलं. पुढे रासायनिक द्रावणं सोपी पडली आणि तापवायची यंत्रं मागे पडली. आज कोणी 'लेन्स गरम पाण्यात टाक, स्वच्छ होते' असं सांगत असेल, तर तो सल्ला त्या काळातला उरलेला आहे आणि तोही अर्धवट.

मल्टिपर्पज सोल्युशन: आत काय असतं

या एका बाटलीत तिन्ही कामांची सामग्री असते. मळ सोडवणारे घटक, खारटपणा आणि आम्लता सांभाळणारे क्षार, आणि एक-दोन जंतुनाशकं. सगळ्यात जास्त दिसणारी नावं म्हणजे पीएचएमबी (लेबलवर कधी 'पॉलिहेक्झानाइड' किंवा 'पॉलिअमिनोप्रोपिल बायग्वानाइड' असंही असतं) आणि पॉलिक्वाटर्नियम-१. त्यांचं प्रमाण बघा. पीएचएमबी बऱ्याच सोल्युशनमध्ये ०.०००१ टक्के, म्हणजे दहा लाखांत एक भाग. पॉलिक्वाटर्नियम ०.००१ टक्के, म्हणजे लाखात एक. हे इतकं कमी ठेवावं लागतं, कारण लेन्ससोबत हेच द्रावण डोळ्यातही जातं. जंतू मरावेत आणि डोळा जळू नये, अशी ही तारेवरची कसरत आहे. म्हणूनच लेन्स त्यात चार ते सहा तास बुडवून ठेवायला सांगतात.

आता '९९.९ टक्के' या आकड्याचं गणित. सोल्युशन तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १४७२९. त्यात तीन जीवाणू आणि दोन बुरशी अशा पाच जंतूंवर परीक्षा होते. स्वतंत्रपणे निर्जंतुक करणारं द्रावण म्हणून पास व्हायला जीवाणू ३ लॉगने घटले पाहिजेत आणि बुरशी १ लॉगने. लॉग म्हणजे दहाचा घात. एका मिलिलिटरमध्ये १० लाख जीवाणू असतील तर ३ लॉगनंतर १,००० उरतात. हेच ते ९९.९ टक्के. बुरशीची अट मात्र फक्त १ लॉगची, म्हणजे १० लाखांतल्या १ लाख उरल्या तरी पास! आणि अकँथामीबा या पाचांत नाहीच.

मला हे पहिल्यांदा वाचून धक्का बसला होता. पण मानकामागे एक गृहीतक आहे. माणूस लेन्स चोळेल, धुवेल आणि मग बुडवेल. चोळून धुतल्यावर बहुतांश जंतू आणि त्यांना धरून ठेवणारा मळ आधीच निघून जातो, द्रावणाला उरलेल्यांशीच लढायचं असतं. काही बाटल्यांवर 'नो रब' म्हणजे चोळायची गरज नाही असं लिहिलेलं असतं. दुर्लक्ष करा. तळहातावर लेन्स ठेवायची, चार थेंब टाकायचे, बोटाच्या पेराने (नखाने नव्हे) दोन्ही बाजू दहा-वीस सेकंद हलक्या हाताने चोळायच्या, पुन्हा सोल्युशननेच धुवायची आणि ताज्या सोल्युशनमध्ये ठेवायची. सगळ्या यंत्रांहून जास्त फरक या अर्ध्या मिनिटाने पडतो.

२००६ साली काय बिघडलं

प्रयोगशाळेत पास झालेलं द्रावण घरात नापास होऊ शकतं, याचा धडा त्या वर्षी मिळाला. सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांना फ्युझेरियम बुरशीचा केरायटिस होऊ लागला. ही बुरशी एरवी मातीत आणि पिकांवर असते. अमेरिकेत निश्चित झालेल्या १६४ रुग्णांपैकी ५५ जणांना कॉर्निया बदलावा लागला किंवा तसं ठरवावं लागलं. तपासात बहुतेकांचा संबंध 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या बॉश अँड लॉम्बच्या सोल्युशनशी निघाला आणि कंपनीने मे २००६ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं.

गंमत म्हणजे, गंमत कसली, काळजीची गोष्ट म्हणजे बाटलीत बुरशी नव्हतीच आणि ताजं सोल्युशन चाचणीत उत्तीर्ण होतं. मग झालं काय? लोक डबीतलं कालचं सोल्युशन ओतून न देता त्यातच थोडं नवं घालत होते. जंतुनाशक काल अर्धं वापरलं गेलेलं, त्यात वरून पाणी उडून गेलेलं. सोल्युशनमध्ये ओलावा धरून ठेवणारी जी पॉलिमर होती, त्यांच्या थरात बुरशीला आसरा मिळाला. बाटली जास्त तापली की त्यातलं जंतुनाशक प्लॅस्टिकशी संयोग पावून कमकुवत होतं, अशीही एक मांडणी पुढे झाली. पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, अकँथामीबाच्या रुग्णांमुळे एएमओ कंपनीचं 'कम्प्लीट मॉइश्चरप्लस' मागे घेतलं गेलं.

आपण यातून दोन कामाच्या गोष्टी उचलू शकतो. डबी रोज पूर्ण रिकामी करायची. सॉफ्टवेअरच्या भाषेत, जुन्या डेटावर नवा डेटा चढवायचा नाही, आधी डिलीट. आणि मे महिन्यात पिकअपच्या डॅशबोर्डवर सोल्युशनची बाटली ठेवायची नाही.

हायड्रोजन पेरॉक्साईड

माझ्या मते घरी करता येणाऱ्या पद्धतींत ही सगळ्यात भक्कम. यात ३ टक्के पेरॉक्साईड असतं. वरच्या दहा लाखांत एक भागाशी तुलना करा, हे दहा लाखांत तीस हजार आहे. जीवाणू आणि बुरशीसोबत अकँथामीबाच्या कवचावरही याचा परिणाम मल्टिपर्पजपेक्षा बरा होतो. शिवाय यात वेगळं परिरक्षक नसल्याने सोल्युशनने डोळे चुरचुरणाऱ्यांना हे मानवतं.

अर्थात इतकं तीव्र द्रव्य डोळ्यात जाऊन चालणार नाही. म्हणून सोबत एक उभी डबी मिळते आणि तिच्या तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. प्लॅटिनम उत्प्रेरकाचं काम करतं. पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, बुडबुडे येतात, आणि सहा तासांनी मागे साधं सलाईन उरतं. झाकणाला वायू जायला भोक असतं, त्यामुळे डबी उभीच ठेवायची, पर्समध्ये आडवी नाही.

यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. पेरॉक्साईड साध्या चपट्या डबीत घातलं तर ते उदासीन होतच नाही आणि सकाळी लेन्स घालताच डोळा भाजल्यासारखा होतो. सहा तासांच्या आत काढली तरी तेच. चकती झिजते, म्हणून नवीन बाटलीसोबत येणारी नवीन डबीच वापरायची. प्रक्रिया झाल्यावर उरलेल्या सलाईनमध्ये जंतुनाशक शिल्लक नसतं, त्यामुळे लेन्स आठवडाभर तशीच पडली तर पुन्हा नवं पेरॉक्साईड भरायचं. आणि मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारं पेरॉक्साईड हे नव्हे. त्याची तीव्रता आणि त्यातले इतर घटक वेगळे असतात.

दिंडोरीत हे सहज हाताशी येत नाही, नाशिकहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. जपानमध्ये पोव्हिडोन-आयोडीनवर चालणारी अशीच पद्धत आहे. केशरी द्रावण काम संपल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे विसरभोळ्यांना रंगावरूनच कळतं. कल्पना मला फार आवडली.

अल्ट्रासोनिक आणि यूव्ही यंत्रं

अल्ट्रासोनिकमागचं विज्ञान खरं आहे. २० किलोहर्ट्झच्या वरच्या कंपनांनी द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना बसणाऱ्या धक्क्याने मळ सुटतो. सोनाराकडे दागिने आणि दातांच्या दवाखान्यात हत्यारं अशीच साफ करतात. पण त्या यंत्रांची ताकद आणि यूएसबीवर चालणाऱ्या डबीची ताकद यांत फरक आहे. बऱ्याच स्वस्त डब्यांत तर मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी मोटर असते. ती द्रव हलवते, बस्स. व्यावसायिक यंत्रं तपासायला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात मिनिटभर धरतात. खऱ्या अल्ट्रासोनिकमध्ये त्यावर बारीक खळगे, भोकं पडतात. घरच्या डबीवर करून बघायला हरकत नाही, फक्त आत लेन्स नको आणि नंतर डबी नीट धुवा.

ते खरं अल्ट्रासोनिक निघालं, तरी ते स्वच्छ करतं. निर्जंतुक करण्याची जबाबदारी आत भरलेल्या सोल्युशनचीच राहते. 'तीन मिनिटांत लेन्स तयार' हा दावा म्हणूनच धोक्याचा आहे, कारण सोल्युशनला लागणारे तास तीन मिनिटांत बसत नाहीत. पाणी भरून हे यंत्र चालवणं तर सरळ उलटं काम आहे.

यूव्हीचंही तसंच. जंतूंचा डीएनए मोडणारा प्रकाश यूव्ही-सी, साधारण २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा. स्वस्त वस्तूंत दिसणारा जांभळा दिवा पुष्कळदा ३९५-४०५ नॅनोमीटरचा असतो. दिसायला झकास, काम नगण्य. शिवाय यूव्ही-सी साध्या प्लॅस्टिकमधून फारसा पार जात नाही. बंद डबीवर बाहेरून दिवा टाकला तर आत पोचतं किती? योग्य नळी, योग्य पारदर्शक भांडं आणि मोजून दिलेला वेळ असेल तर यूव्हीने लेन्स निर्जंतुक करता येते, तशी यंत्रं अमेरिकेत मंजूर झालेली आहेत. पण तपासणीचा कागद नसलेली वस्तू आणि ती यंत्रं यांची नावं सारखी असली तरी जात वेगळी. आणि ज्या गावात रात्री थ्री-फेज येणार की नाही यावर मोटारी चालतात, तिथे विजेशिवाय काम करणारी बाटलीच बरी!

डबी, बाग आणि पार्लर

लेन्सपेक्षा डबी जास्त घाण असते. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तो जंतूंनी बनवलेला चिकट थर, बायोफिल्म. सोल्युशनमधलं जंतुनाशक त्याच्या आत पोचत नाही. सकाळी लेन्स घातल्या की डबी रिकामी करायची, सोल्युशननेच खळबळून स्वच्छ टिश्यूने पुसायची आणि झाकणं उघडी ठेवून पालथी वाळवायची, न्हाणीघरात नको. तीन महिन्यांनी नवी. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा, कंपनीने सांगितलेली मुदत (पुष्कळदा ९० दिवस) संपली की उरलेलं टाकून द्या.

द्राक्षबागेत काम असणाऱ्यांसाठी थोडं जास्त. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरीच्या फवारण्या सुरू झाल्या की गंधक, मोरचूद, मँकोझेब हातावर, कपड्यांवर, हवेत सगळीकडे असतं. सॉफ्ट लेन्स स्पंजासारखी आहे, ती रसायन शोषून डोळ्याला चिकटवून ठेवते. ब्लोअरच्या मागे किंवा जीए डिपिंगला उभं राहायचं असेल त्या दिवशी लेन्स घालू नका, चष्म्यावरून बसणारा गॉगल लावा. संध्याकाळी लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे आणि कोरडे करायचे. ओल्या हाताने लेन्सला स्पर्श म्हणजे पुन्हा तेच पाणी.

लग्नसराईतल्या रंगीत लेन्सचं काय? नवरीच्या मेकअपमध्ये आता घाऱ्या, निळ्या 'झिरो पॉवर' लेन्स येतात. काही ठिकाणी त्याच लेन्स एका नवरीच्या डोळ्यातून काढून, सलाईनमध्ये ठेवून, पुढच्या मुहूर्ताच्या नवरीला घालतात. हे पूर्णपणे चूक आहे. पॉवर नसली तरी ती कॉर्नियावर बसणारी वैद्यकीय वस्तू आहे, आणि दुसऱ्याची वापरलेली लेन्स कितीही धुतली तरी आपली होत नाही. हौस असेल तर डोळ्यांची तपासणी करून रोज टाकून द्यायची, म्हणजे डेली डिस्पोजेबल, एक जोडी घ्यावी. वर्षातून चार-पाच वेळा लेन्स घालणाऱ्या कोणालाही हाच प्रकार सोयीचा, कारण त्यात सोल्युशन, डबी, चोळणं, काहीच नाही.

केराटोकोनसमुळे कडक आरजीपी किंवा स्क्लेरल लेन्स लागणाऱ्यांना हा पर्याय नसतो. त्यांचं क्लीनर वेगळं असतं, प्रथिनांचा थर काढायला हायपोक्लोराइटचं वेगळं द्रावण डॉक्टर सांगतात, आणि स्क्लेरल लेन्स घालताना भरायचं सलाईन परिरक्षक नसलेलंच लागतं. कडक लेन्स नळाखाली धुतली तर चालते असं जुने लोक सांगतात. अकँथामीबाच्या दृष्टीने तीही तितकीच असुरक्षित आहे.

डोळा लाल झाला तर

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं काहीही दिसलं की लेन्स लगेच काढा आणि परत घालू नका. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतो, त्यामुळे 'रविवारी बघू' चालत नाही. दिंडोरीपासून नाशिक सुमारे २५ किलोमीटर आहे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप घेऊ नका. लाली पटकन घालवणाऱ्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं, आणि बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइड त्याला मोकळं रान देतं.

जाताना लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली फेकू नका, धुऊही नका. आहे तशी स्वच्छ पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टर कॉर्नियाचा खरवडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि जंतू वाढवून तपासतात. डोळ्यातून जंतू सापडला नाही तरी कधीकधी डबीतून सापडतो, आणि कोणतं औषध चालू करायचं ते त्यावरून ठरवता येतं.